घरटी एक माणूस

लिनचं पत्र मी ज्या पुस्तकात ठेवलं होतं, ते पुस्तक त्यानंतर मी कितीदा तरी वाचायला घेतलं. पत्राच्या पानापाशी आलो की ते अलगद उचलून पुढच्या पानांत सरकवायचं आणि वाचत राहायचं, असं दोन वर्षं चाललं. उत्तर मात्र लिहिलं नाही.

पत्र इथल्याच, फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराहून आलं होतं. लिन माझी भाची, तीही शिक्षिका. ती तेव्हा दर शनिवार-रविवार तिथे जाऊन शिक्षणातल्या तंत्रज्ञानाची वरची पदवी पूर्ण करत होती. शेवटच्या सत्रात प्राध्यापकांनी प्रत्येकाला लिहून द्यायला सांगितलं होतं की ही पदवी हातात आल्यावर पुढं काय शिकणार. 'मी छान छान लिहून दिलंय, तियो,' तिनं लिहिलं होतं. तियो म्हणजे मामा. 'वाचलंत तर हसाल. म्हणून तुम्हाला खरं विचारते. तुम्ही जन्मभर शिकवलंत. तुमचं शिकायचं काय राहून गेलं?'

मी खालच्या गावच्या शाळेत पाचवीला शिकवून निवृत्त झालेला माणूस. वरची पदवी मी अर्ध्यात सोडली, यंत्राला कधी हात लावला नाही. उत्तराचे दोन-चार आरंभ केले. प्रत्येक आरंभ निरोपसमारंभातल्या भाषणासारखा निघाला. मग तिला पदवी मिळाली, पदकही मिळालं, आणि आता तिला माझ्या उत्तराची काय गरज, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढं माझी बहीण सोर्सिंग, म्हणजे लिनची आई, गेली. तिचं दफन झालं. त्या दिवशी लिन माझ्या शेजारी उभी होती, आणि पत्राचा विषय मीही काढला नाही, तिनंही नाही.

सोर्सिंगच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी रोडेलच्या जीपनीत, म्हणजे त्याच्या प्रवासी गाडीत, पुढं बसून डोंगरावरच्या इगबाकोंगला, सोर्सिंगच्या घरी, जाताना हे सगळं पुन्हा डोक्यात घोळत होतं. माझ्या मांडीवर केकचा खोका होता आणि शर्टाच्या खिशावर वर्षभर टाचलेली काळी पट्टी. आज ती काढायची होती.

रोडेल सोर्सिंगचा मधला मुलगा. गाडी चालवताना तो एरवी गाणी लावतो. त्या दिवशी लावली नाहीत.

"तियो, जेवणं झाली की मनांग मेर्ली सगळ्यांसमोर सांगणार आहे," तो म्हणाला. "लिनचं अ‍ॅरिझोनाचं पक्कं झालंय. तिकडच्या शाळेला ती पसंत आहे. फक्त हिनं सही करायचीय."

"लिन काय म्हणते?"

"ती काही म्हणत नाही. तुमच्यासारखीच आहे ती." मग जरा खालच्या आवाजात, "तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकते. मनांगचं वय बघा आता. गुडघे गेलेत तिचे. तिला घरी येऊ दे."

मेर्ली ही तिघांत थोरली, म्हणून मनांग, म्हणजे ताई. बाप गेला त्या वर्षी ती हाँगकाँगला लोकांच्या घरी कामाला गेली. रोडेलची पहिली गाडी, लिनचं कॉलेज, नंतरची ही पदवी, मेर्लीची स्वतःची मुलगी क्रिस्टेल हिची शाळा, सगळं तिथून आलं. मी रोडेलला बघू म्हणालो. बघू म्हणायची मला सवय आहे.

शेवटच्या चढावर रस्ता नव्यानं दगडमुरूम टाकून भरलेला होता. परवाच दाग्याव झाला, रोडेलनं सांगितलं. आमच्याकडे रस्ता, देवळाचं छप्पर, कुणाचं घर हलवणं, सगळं दाग्यावनंच होतं. घरटी एक माणूस येतो, काम होतं, माणसं पेज पिऊन घरी जातात. तुमच्या घरून कोण गेलं होतं, मी विचारलं.

"क्रिस्टेल. मला गाडी होती." तो हसला. "कोण आलं ते बघतंय कोण. घर आलं म्हणजे झालं."

मेर्ली दारातच उभी होती. डोक्यावर काळी ओढणी, अंगात काळा झगा, पायात काळे मोजे. मला वाटलं, वर्षभर वापरून कापड कसं विटतं, तसं हे विटलेलं नाही. नंतर तिनंच सांगितलं. हाँगकाँगला ज्या म्हातारीची ती शुश्रूषा करायची त्या घरात आजारी माणसासमोर काळं घालणं अशुभ मानत. म्हणून आई गेल्याचं कळलं त्या दिवशी, आणि पुढं वर्षभर, ती त्यांनी दिलेल्या फिकट निळ्या कपड्यांतच राहिली. हा झगा तिनं एका रविवारी बाजारातून घेतला आणि पेटीच्या तळाशी ठेवला. आज पहिल्यांदा घातला, ज्या दिवशी बाकीचे सगळे उतरवणार होते.

स्वयंपाकघरात तुरीचे दाणे, कच्चा फणस आणि डुकराचं मांस एकत्र शिजत होतं. मेर्लीनं मिठासाठी फळीवर हात घातला तर तिथं मीठ नव्हतं. क्रिस्टेलनं चुलीमागून बरणी काढून दिली. मुलगी आता कॉलेजात जाते, आईपेक्षा उंच झाली आहे. "तू बस ना ममा," ती म्हणाली, "दमून आलीयस." तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण मग तिनं मागं वळून हाक मारली, "मॉमी लिन, गवती चहा किती घालू कोंबडीत?" आणि मेर्ली हातात मिठाची बरणी घेऊन तशीच उभी राहिली. आपल्याच आईच्या चुलीपाशी आपण पाहुणे आलो आहोत, असं तेव्हा तिला वाटलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. कांदा किती महाग झालाय ते सांगावं, तसं सांगत होती.

दुपारच्या आधी प्रार्थना झाली. सोर्सिंगच्या फोटोसमोर तिचं ताट मांडलं होतं: भात, थोडी कोंबडी, नारळाच्या पातीत उकडलेला चिकट भात, तिला आवडायची तशी फार गोड कॉफी. जपमाळ संपल्यावर प्रार्थना सांगणाऱ्या बाईनं खूण केली. रोडेलनं आपली काळी पट्टी काढून मेणबत्तीवर धरली. मी माझी काढली. टाचणी गंजून कापडाला चिकटली होती, क्रिस्टेलला सोडवावी लागली. मुली आत जाऊन कपडे बदलून आल्या. लिन फिकट पिवळा झगा घालून आली आणि आईच्या फोटोसमोर क्षणभर हात जोडून उभी राहिली.

मेर्ली जागची हलली नाही. बाईनं हळूच सांगितलं, की घरातल्या थोरलीनं उतरवल्याशिवाय दुखवटा संपत नाही.

"मी आत्ताच तर घातलंय," मेर्ली म्हणाली.

बाईनं माळ पिशवीत ठेवली आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवताना मेर्लीनं बातमी सांगितली. साधेपणानं सांगितली. लिन जुलैत अ‍ॅरिझोनाला जाईल, तिथल्या शाळेत शिकवेल. वरची पदवी आणि पदक आहे म्हणून तिला घेतलं. नानाय, म्हणजे आई, असती तर तिनं गावभर सांगितलं असतं. "आणि मी परत जात नाही आता. माझी कमवायची पाळी संपली." शेजारपाजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, म्हणजे आता आमच्या मॅमना बर्फ बघायला मिळणार. कुणीतरी म्हणालं, अ‍ॅरिझोनात बर्फ नसतो, वाळवंट असतं. त्यावर थोडा वाद झाला. लिन ताटातला भात एका बाजूला सारत होती. ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. रोडेलनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला.

तेवढ्यात वरच्या वस्तीतल्या बायका आल्या.

पाच-सहा जणी होत्या, चिखलानं झग्यांच्या कडा भिजलेल्या, एकीच्या काखेत पाय बांधलेला कोंबडा. पुढं तेरियांग. तिला मी ओळखत होतो. तिचे दोन मुलगे माझ्या हाताखालून गेले, दोघांनीही शाळा सोडली. त्या फोटोसमोर बसल्या, एकेकीनं सोर्सिंगच्या ताटाला हात लावून कपाळाला लावला. त्या इतक्या जवळच्या असतील हे मला माहीत नव्हतं. मेर्लीनं त्यांना वाढलं. जेवणं झाली, आणि तेरियांगनं हात धुऊन लिनकडे तोंड वळवलं.

"मॅम, पुढचे धडे कधी येणार? अपूर्णांकापाशी अडकलोय आम्ही. मनांग सोर्सिंग होती तोवर ढकलत होतो. ती गेली आणि आमची गाडी तिथंच रुतली."

रोडेल हसला. "आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे आम्ही," तेरियांगनं आपल्या सोबतिणींकडे हात केला. "आणखी कोण? पोरं करणार होती होय? पोरं मक्यात पाखरं हाकलायला. मॅमनीच सांगितलेलं बैठकीत, रोज प्रत्येक घराचा धडा झालाच पाहिजे. आम्ही पाऊस म्हटला नाही, ताप म्हटला नाही. घरटी एक माणूस. एकाही घराचा धडा चुकला नाही, तपासून घ्या."

हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. दाग्यावचं काम पुरं झाल्यावर माणसाचा फुलतो तसा.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. साथीच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा लिननं वरच्या वस्तीतल्या घरांना टॅब वाटले होते. त्यात धडे भरलेले, सिग्नल नसला तरी चालणारे. मूल धडा करणार, टॅब गुण देणार. वस्तीत वीज नाही. सोर्सिंगच्या छपरावर सौर पट्टी होती, म्हणून टॅब चार्ज करायला बायका तिच्याकडे यायच्या आणि होईपर्यंत बसून राहायच्या. गुण वाढत गेले. डोंगरातली मुलं शाळेशिवाय टॅबवर इतकं शिकली, हाच लिनच्या प्रबंधाचा गाभा होता. पदक त्याला मिळालं होतं.

आता ताटांभोवती बसलेल्या माणसांना एकेक करून कळत गेलं, की ते धडे मुलांनी नव्हे, त्यांच्या आयांनी केले होते. रोडेलचं हसू तोंडावरच राहिलं. मी लिनकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यावरून मला कळलं, की तिला आजच कळलेलं नाही.

मेर्लीलाही कळलं. तिनं हातातली परात खाली ठेवली आणि लिनला म्हणाली, "मागं ये जरा."

घरामागं पाण्याची टाकी आहे. क्रिस्टेल तिथं ताटं विसळत होती. तिला कुणी जा म्हटलं नाही. पुढचं मला तिनंच सांगितलं, आणि नंतर दोघी बहिणींनीही थोडं थोडं. तिघींचं सांगणं सगळ्या बाबतींत जुळत नाही. मी मला खरं वाटतं ते लिहितो आहे.

"तुला माहीत होतं," मेर्ली म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"शाळा उघडल्यापासून. टॅबवर जो पहिला होता त्याला पहिलीच्या पुस्तकातली ओळ वाचता येईना. विचारलं तर म्हणाला, आई करायची."

"आणि पदक?"

"पदक आधीच आलं होतं."

मेर्लीनं यावर विचार केला. मग ती नेहमीच्या व्यवहारी आवाजात म्हणाली, की असू दे. तिकडच्यांना पदवीचा कागद हवा आहे, शिकवल्याची वर्षं हवी आहेत. पोरांनी केलं की त्यांच्या आयांनी केलं, हे बघायला अमेरिकेतून इथं कोण येतंय?

"मी बघितलंय ना, मनांग."

लिननं मग एका दमात सांगून टाकलं. कॉलेजला ती सगळं खरं लिहून कळवणार आहे. ते म्हणतील तर प्रबंधाचा तो भाग पुन्हा करील. पदवी काढून घेतली तर घेतली. आणि तिला अजून शिकायचं आहे.

"अजून?" मेर्ली हसली. चांगलं हसली नाही. "अजून काय शिकायचं राहिलंय, इंदाय?" आमच्याकडे धाकटीला लाडानं इंदाय म्हणतात.

"मला टॅबमधले आकडे बघता येतात, मनांग. पोराच्या शेजारी बसून त्याला कुठं अडतंय ते ओळखता येत नाही. आणि मोठ्या बायकांना कसं शिकवतात ते मला मुळीच येत नाही. कॉलेजात कुणी शिकवलं नाही, मी विचारलं नाही. इतके दिवस त्या माझ्या डोळ्यांसमोर शिकत होत्या. मला दिसल्या नाहीत."

"मी दिसले तुला?"

लिननं विसळलेलं एक ताट उचलून पालथं घातलं.

"मला काय शिकायचं होतं, विचारलंस कधी? कॉलेजचं एक सत्र केलं होतं मी. गणितात वर्गात पहिली. तियोंना विचार, त्यांनीच नेऊन नाव घातलं होतं. बाबा गेले आणि वह्या तुला खेळायला दिल्या." मेर्लीचा आवाज चढला नाही. "आईचं तोंड बघितलं नाही मी. ती गेली तेव्हा दुसऱ्याच्या आईला न्हाऊ घालत होते. साबण तसाच हातात होता. तू पहिल्यांदा शिकलीस, दुसऱ्यांदा शिकलीस. आता तिसऱ्यांदा. माझी शिकायची पाळी कधी यायची?"

क्रिस्टेल म्हणते, पाणी वाहत होतं आणि तोटी बंद करायचं तिला सुचलं नाही.

"बरं," लिन शेवटी म्हणाली. "कॉलेजला मी कळवीन. त्यानंतरही त्यांनी घेतलं, तर मी जाते. तू घरी राहा."

मेर्लीला हवं होतं ते मिळालं होतं. ती टाकीच्या कट्ट्यावर टेकली आणि गुडघा चोळत बसली. आनंद झाल्यासारखी ती दिसली नाही. क्रिस्टेलला तेव्हा काहीतरी बोलणं भाग वाटलं. तिला आपली बाजू कोणती हे ठरवता येत नव्हतं; एकीनं तिला जन्म दिला होता आणि दुसरीनं रोज वेणी घातली होती. म्हणून ती आजीबद्दल बोलली.

"नानायपण करायची," ती म्हणाली. "धडे. नाकावर चष्मा लावून. तेरियांगशी भांडायची उत्तरावरून. उत्तर बरोबर आलं की टॅब टाळ्या वाजवतो ना, तर ती मागं वळून बघायची, कोण वाजवतंय."

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"अपूर्णांकाला अडली. मला विचारायला आली होती. माझी परीक्षा होती, मी म्हटलं नंतर. तर म्हणाली, असू दे. मेर्ली आली की तिला विचारते. तिचं गणित चांगलं आहे." क्रिस्टेलनं तोटी बंद केली. "तिथंच थांबलेत त्या सगळ्या, ममा. तू येणार म्हणून."

मेर्ली उठली. घरात आली. मी दाराशी बाकावर होतो, तिथून पुढचं मी स्वतः पाहिलं. टॅब सोर्सिंगच्या फळीवर, संतांच्या मूर्तीखाली, एकावर एक रचलेले होते. शाळेनं ते कधी परत मागितले नव्हते. मेर्लीनं वरचा घेतला, काळ्या झग्यानंच पुसला, आणि बायकांच्या मध्ये जमिनीवर बसली. कुठं अडलंय दाखवा, म्हणाली.

तेरियांगनं दाखवलं. पाव मोठा की अर्धपाव, म्हणजे एक छेद चार की एक छेद आठ. यंत्र म्हणतं पाव मोठा, आणि खाली लिहिलेत चार आणि आठ. आठ चारापेक्षा मोठे, मग हे यंत्र खोटं कसं बोलतं, हे त्यांचं भांडण वर्षभर अर्धवट राहिलं होतं.

मेर्लीनं इकडं तिकडं पाहिलं. मग डोक्यावरची काळी ओढणी ओढून काढली आणि जमिनीवर पसरली. ही एक, म्हणाली. मधोमध घडी घातली, आता किती? अर्धी, बायका म्हणाल्या. अजून एक घडी. अजून एक. प्रत्येक वेळी घडी तेरियांगच्या हातात द्यायची, तिला चाचपू द्यायचं, मग पुढची घालायची. आठ झाले तेव्हा ओढणी तिच्या मुठीत मावत होती.

"आठ माणसांत वाटली," मेर्ली म्हणाली. "तुझ्या वाट्याला काय आलं?"

तेरियांग मुठीकडे बघत राहिली. "चिंधी," ती म्हणाली, आणि बायका इतक्या हसल्या की कोंबडा फडफडला. मग तिनं बोट टेकवलं. टॅबनं टाळ्या वाजवल्या.

मेर्लीनं मागं वळून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, फक्त लिन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती टॅबकडे बघत नव्हती. तेरियांगच्या हाताकडे बघत होती, बहिणीच्या हाताकडे बघत होती. मग ती आत आली आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला लागून, मांडी घालून बसली. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शिक्षकाला ते किती कठीण असतं हे मला माहीत आहे.

प्रार्थना सांगणारी बाई निघता निघता थांबली. मेर्लीच्या उघड्या डोक्याकडे तिनं पाहिलं, मेणबत्त्या विझवल्या, आणि गेली.

ऊन उतरल्यावर बायका वर निघाल्या. मेर्ली त्यांना वळणापर्यंत सोडून आली आणि पायरीवर बसून मोजे काढू लागली. लिन तिच्या शेजारी बसली. रोडेल गाडीचं चाक बघत होता.

"जाऊ नकोस तू," मेर्ली म्हणाली. "मी जाते. अजून एक करार."

रोडेल चाक सोडून आला. तुला वेड लागलंय का, म्हणाला. गुडघे बघ स्वतःचे. दुपारी काय सांगितलंस सगळ्यांना. त्याचं खोटं नव्हतं. लिनही नको म्हणत होती. मेर्लीनं दोघांचं बोलून होऊ दिलं.

"तुझ्यासाठी नाही जात," ती मग लिनला म्हणाली. "तसं डोक्यात घेऊ नकोस. तिकडं रविवारी सुट्टी असते. आम्ही बायका पुलाखाली पुठ्ठे टाकून बसतो दिवसभर. नखं रंगवतो, पत्ते खेळतो, घरी फोन लावून रडतो. माझ्या पुठ्ठ्यावरच्या चौघींनी शाळा सोडलेली आहे. धडे पाठव मला. पोरासोरांचे नको, ससा आणि गाजर. मोठ्या माणसांचे. नसतील येत बनवायला, तर ते शिक आधी. तेच शिकायचं म्हणत होतीस ना?"

"हो."

"मग शिक. माझी शिकायची पाळी मी तिथं बसून घेते."

लिननं बहिणीच्या खांद्यावर कपाळ टेकलं. स्वयंपाकघरात क्रिस्टेल ताटं पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एकच ताट बराच वेळ पुसत राहिली. हे सगळं योग्य झालं की नाही, मला सांगता येत नाही. रोडेलनं मला परतीच्या वाटेवर विचारलं, तुम्ही एक शब्द का नाही बोललात.

मेर्ली जून लागायच्या आत हाँगकाँगला गेली. विमानतळावर जाताना तिनं फुलाफुलांचा झगा घातला होता. लिननं कॉलेजला पत्र पाठवलं. त्यांचं काय ठरतंय ते अजून कळलेलं नाही. शनिवारी सकाळी ती सोर्सिंगच्या ओसरीवर वर्ग घेते. आधी घरटी एक माणूस यायचा, आता एकेका घरातून दोन-दोन येतात आणि बरोबर आपली मुलंही आणतात. लिन निम्मा वेळ कुणा एकाच्या शेजारी नुसती बसून असते, असं रोडेल तक्रारीच्या सुरात सांगतो.

मी पत्र पुस्तकातून काढलं आणि उत्तर लिहायला बसलो. या वेळी कच्चं लिहिलं नाही.

'प्रिय लिन, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. त्या दिवशी बाकावरून बघत होतो तेव्हा उठून आत यावं, तुझ्या शेजारी भिंतीला टेकून बसावं असं फार वाटलं. लाज वाटली म्हणून आलो नाही. या शनिवारी मागं जागा असली तर येईन. टॅब कसा धरतात तेही दाखवावं लागेल. तुझा तियो प्रिमो.'

पोस्टातल्या मुलीनं पत्ता वाचला. इगबाकोंगला वर पोस्टमन जात नाही, म्हणाली. मॅम खाली येतील तेव्हा नेतील, नाहीतर रोडेलची जीपनी समोरच उभी आहे, त्याच्या हातात द्या ना, दुपारपर्यंत पोचेल. तिचं बरोबर होतं. पण लिननं मला पोस्टानं विचारलं होतं.

मी तिकीट मागितलं, जिभेनं ओलं केलं, अंगठ्यानं दाबलं, वाकडं बसलं ते तसंच राहू दिलं, आणि पाकीट पेटीत टाकलं.